अर्धं बोलावणं

बुधवारी सकाळी अपूर्वा ओट्यापाशी सुरीला धार लावत होती आणि उमाबाई शेगडीवरच्या गुळाच्या पाकावर नजर ठेवून होत्या. बाहेर नुकतंच बर्फ पडून थांबलं होतं. रस्ता साफ करणारी गाडी येऊन गेली होती आणि जाताना तिने घरासमोरच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून ठेवला होता. कॅनडातल्या या किचनर शहरात हिवाळाभर हे चालतं. लोक कुरकुरतात आणि फावडं घेऊन बाहेर पडतात. या घरात मात्र फावड्याचं नाव निघत नसे. दोन हिवाळ्यांपूर्वी देवेश, उमाबाईंचा एकुलता एक मुलगा, असाच बांध फावड्याने उपसता उपसता खाली बसला होता. दमला असेल असं वाटून अपूर्वाने खिडकीतून हात केला. त्याने उलट हात केला नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

आता शेजारचा माणूस स्वतःचं आटपलं की न विचारता यांचाही ड्राइव्हवे साफ करून जाई.

"आज पण चर्च?" उमाबाईंनी विचारलं.

"बुधवार आहे ना, आई. तिथल्या सुऱ्यांनी बटाटा सोलला जात नाही, नुसता चेंगरतो."

"आठवड्याच्या मधे एक दिवस तुला सुट्टीचा मिळतो, तो तू बटाट्यांना देतेस."

"मग घरी बसून काय करू?"

अपूर्वाने हे चिडून विचारलं नव्हतं. तिच्या बोलण्यात आताशा चढउतारच नसत. ऑफिसला जाई, लेकीचा डबा भरी, गाडीला वेळेवर विंटर टायर लावून घेई. सगळं बिनचूक. पण जेवताना भाजीत मीठ नसलं तरी तिला कळत नसे, ती तशीच खाऊन उठे. उमाबाईंना हे दिसत होतं. त्यांचं स्वतःचं दुःखही असंच कुठेतरी गोठून बसलं होतं. एका घरात दोघी विधवा, आणि दोघींच्या मधे आठ वर्षांची केया, आईशी इंग्रजीत आणि आजीशी अर्ध्यामुर्ध्या मराठीत बोलणारी.

इतक्यात फोन वाजला. माधवी होती. देवेशच्या कंपनीतल्या मित्राची बायको, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सगळीकडे पुढे असणारी, मनाने चांगली मुलगी.

"काकू, शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू! शाळेचा हॉल नाही मिळाला या वर्षी, म्हणून तुमच्या कोपऱ्यावरच्या चर्चचा घेतलाय. छोट्यांचं बोरन्हाणही तिथेच. तुम्ही गोष्ट सांगायला यायलाच हवं. तुमच्याशिवाय ही वानरं एका जागी बसत नाहीत."

"येते की गं."

"केयालाही आणा. आणि अपूर्वा..." माधवी जराशी थांबली. "अपूर्वाला जसं बरं वाटेल तसं, हं काकू. फोर्स नाही काही."

"कळलं," उमाबाई म्हणाल्या.

पूर्ण बोलावणं कसं असतं ते त्यांना माहीत होतं. 'आलीच पाहिजेस, वाट बघते, उशीर केलास तर बोलणार नाही.' पूर्ण बोलावण्यात थोडी दमदाटी असते. अर्धं बोलावणं फार मऊ असतं. ते कुठे टोचत नाही. त्यात नकार देण्याचं काम बोलावलेल्या माणसाकडेच सोपवलेलं असतं, आणि वर त्यानेच आभार मानून फोन ठेवायचा असतो.

फोन ठेवेपर्यंत पाक पुढे गेला होता. लाडू दगडासारखे होणार.

"माधवी होती," त्या म्हणाल्या. "शनिवारी हळदीकुंकू आहे. तुला बरं वाटेल तसं, म्हणाली."

"मग मला बरं नाही वाटत म्हणून सांगा." अपूर्वाने सुरी फडक्यात गुंडाळली, बूट घातले आणि निघून गेली.

*

उमाबाई मिरजेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत. देवेश चौथीत असताना त्यांचे यजमान गेले. त्या दिवसापासून त्यांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. कुठे उभं राहायचं, कुठून बाजूला व्हायचं, कुणाच्या ओटीच्या वेळी आत जाऊन उगाच भांडी लावायची, हे सगळं त्यांनी आपलंआपण शिकून घेतलं. देवेशच्या लग्नात सुनेला ओवाळून घरात घेतलं ते त्यांच्या जावेने. उंबरठ्यावर उभी असलेली अपूर्वा तेव्हा म्हणाली होती, "आई कुठे आहेत? त्यांनी नाही का ओवाळायचं?" सगळे हसले होते. आतल्या खोलीत नारळ मोजत बसलेल्या उमाबाईंनी ते ऐकलं आणि पोर अजून लहान आहे, कळेल हळूहळू, असं स्वतःशी म्हटलं.

आणि खरंच कळलं. देवेश गेल्यावर पहिला महिनाभर या घराच्या फ्रीजरमध्ये जागा नव्हती. मंडळातल्या बायकांनी पाळी लावून डबे आणले, केयाला शाळेतून आणलं, रडल्याही. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण दुःखाचे दिवस संपून सणाचे दिवस आले तशी गाडी अडायला लागली. एका मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. तिची आई मुद्दाम पुण्याहून आली होती. "उमाकाकू, तुम्ही समजून घ्याल," असा फोन आला. उमाबाईंनी समजून घेतलं. मग मंगळागौर झाली, एका बाळाचं बारसं झालं. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी उमाबाईंनाच फोन करी, कारण अपूर्वाला सरळ सांगणं कुणालाच जमत नसे, आणि उमाबाई प्रत्येक वेळी समजून घेत. त्यांना वाटे, पोरीला तोंडावर ऐकावं लागण्यापेक्षा आपण मधे उभं राहिलेलं बरं. आपण भिंत झालो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास डोरोथी घरी आली. पंच्याहत्तरीची, काटक, निवृत्त नर्स. कोपऱ्यावरच्या अँग्लिकन चर्चमध्ये बायकांचा एक गट बसून शाली विणतो आणि ज्याच्या घरी कुणी गेलं असेल त्याच्याकडे एक नेऊन देतो. डोरोथीने करड्या लोकरीची शाल अपूर्वाच्या खांद्यावर ठेवली, चहा प्यायली, येशूचं नाव काढलं नाही. जाताना तिने एवढंच विचारलं, "तुला बटाटे सोलता येतात का? बुधवारी आमच्याकडे माणसं नेहमी कमी पडतात."

चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी जेवण असे. कुणीही यावं, बसावं, जेवावं. अपूर्वा गेली ती जातच राहिली.

मंडळात कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. नीलिमाताई, मंडळातल्या सर्वांत जुन्या, सत्तर सालच्या आधी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, एकदा ग्रोसरीच्या रांगेत म्हणाल्या होत्या, "उमाताई, सुनेवर लक्ष असू द्या हो. हे लोक आधी सूप देतात, मग पुस्तक देतात."

उमाबाईंना त्या वाक्याने अनेक दिवस झोप लागली नव्हती.

*

शनिवारी सकाळी डोरोथीचा फोन आला. हॉल बाहेरच्यांना दिला की स्वयंपाकघरात चर्चची दोन माणसं हजर लागतात, आणि तिची जोडीदारीण तापाने झोपली होती. अपूर्वा येईल का?

"आज तिथे..." उमाबाई बोलायला लागल्या आणि थांबल्या. काय सांगणार?

"मी आतच असेन, आई," अपूर्वा म्हणाली. "चहाच्या भांड्यापाशी."

दुपारी हॉल भरून गेला. दारातल्या ट्रेमध्ये ओले बूट, आणि आत काळ्या साड्या, काठापदराच्या, चमचमणाऱ्या. काहींनी साडीवर घातलेला कोट काढायला बराच वेळ लावला, इतकी थंडी होती. एका भिंतीवर बुधवारच्या जेवणाचे फोटो लावलेले. त्यातल्या दोन-तीन फोटोंत अपूर्वा होती, हातात पळी घेऊन. बायका फोटो बघत पुढे सरकत आणि काही बोलत नसत.

उमाबाईंनी पोरांना जमिनीवर गोल बसवलं. हलव्याचे दागिने घातलेली बाळं, बोरांऐवजी चॉकलेटं वेचायला टपलेली मोठी पोरं. "आता सूर्य कुठे निघालाय माहितेय का?" त्यांनी विचारलं. "होम!" एक पोरगा ओरडला. "होम नव्हे रे राजा, उत्तरेला. म्हणजे आपल्याकडेच यायला निघालाय. पण तुमच्या कॅनडाला पोचेपर्यंत त्याला एप्रिल उजाडतो." पोरं हसली. मुलांमध्ये असल्या की उमाबाईंना ऊब वाटे. बाकी वेळी त्यांना स्वतःचे हातपायही दुसऱ्या कुणाचे वाटत.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक रुंद खिडकी होती. तिथून अपूर्वा चहाचे कप पुढे सरकवत होती. बायका कप घेत, "कशी आहेस?" म्हणत, आणि उत्तर यायच्या आत साखर शोधायला लागत.

मंडळाचे अध्यक्ष राजन कॅमेरा घेऊन फिरत होते. "अहो, त्या हॉलवाल्या बाईंना बोलवा की! न्यूजलेटरला मस्त फोटो होईल. कॅनेडियन लेडीला हळदीकुंकू!"

सगळ्यांना कल्पना आवडली. माधवीने खिडकीशी जाऊन डोरोथीला बोलावलं. डोरोथी ॲप्रनला हात पुसत बाहेर आली, आणि येताना तिने अपूर्वाचा हात धरून तिलाही ओढत आणलं. "आमची आज जोडीने ड्युटी आहे," ती म्हणाली.

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. माधवीने डोरोथीच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. ओटी भरायला पदर नव्हता, तेव्हा डोरोथीने ॲप्रनच पसरला. त्यात नारळ पडला, खण पडला, तिळगूळ पडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. राजननी तीनदा फोटो काढला. डोरोथी लाजून लाल झाली होती.

माधवीचं बोट सवयीने पुन्हा करंड्यात गेलं. कुंकू लागलेलं बोट अपूर्वाच्या कपाळाकडे निघालं आणि वाटेत थांबलं.

हॉलमधला आवाज कमी झाला. माधवीने मान वळवून उमाबाईंकडे पाहिलं. तिची नजर विचारत होती. विनवत होती, असंही म्हणता येईल. उमाबाईंनी 'हो' म्हटलं असतं तर ते बोट पुढे गेलं असतं.

पोरांच्या घोळक्यात बसलेल्या उमाबाईंची मान हलली. उजवीकडे, डावीकडे. अगदी थोडी. वर्गातल्या मुलाला फळ्याला हात लावू नको सांगताना हलायची तशी. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती, ती आपोआप पुढे झाली.

माधवीने बोट कागदी रुमालाला पुसलं.

"आणि हिचं?" डोरोथीने विचारलं.

बायका पदर सारखे करायला लागल्या. शेवटी अपूर्वानेच इंग्रजीत सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. "हे ज्यांचे नवरे जिवंत आहेत त्या बायकांसाठी असतं, डोरोथी."

"अरे देवा!" डोरोथी म्हणाली. "मग मी तुम्हाला फसवलं की. माझा रॉय एक्क्याण्णव साली गेला." आणि तिने कपाळ पुसायला रुमाल उचलला.

"नो, नो, नो!" एकदम सगळ्या ओरडल्या. "डोन्ट वाइप!" नीलिमाताई तर पुढे होऊन तिचं मनगट धरूनच उभ्या राहिल्या. "प्लीज, कुंकू असं पुसायचं नसतं. व्हेरी बॅड लक."

"कुणासाठी?" डोरोथीने सरळपणे विचारलं.

नीलिमाताईंनी मनगट सोडलं. "त्यांचं वेगळं हो," त्या मराठीत आजूबाजूच्यांना म्हणाल्या. "त्यांना हे लागू नाही."

"चहा गार होतोय," अपूर्वा म्हणाली आणि खिडकीपलीकडे निघून गेली. तिचे डोळे कोरडे होते. तिने कप भरले, रिकामे कप गोळा केले, भांडी विसळली, आणि सगळे गेल्यावर हॉल झाडून काढला.

*

घरी आल्यावर केया तिळगूळ चघळत म्हणाली, "आजी, डोरोथीचा हजबंड पण डेड आहे. मग व्हाय डिड शी गेट इट अँड नॉट मम्मा?"

उमाबाईंनी आयुष्यभर लहान मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. आकाश निळं का, मुंगी पडली तरी तिला लागत का नाही, मेलेली माणसं कुठे जातात. माहीत नसेल तर 'आपण दोघं मिळून शोधू' म्हणायची त्यांची पद्धत होती. या प्रश्नाला त्यांना तेही म्हणता येईना, कारण उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते मुलीला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं.

"जा, बेसमेंटमध्ये खेळ जा," त्या म्हणाल्या.

केया गेल्यावर अपूर्वा समोर येऊन बसली.

"माधवीने तुमच्याकडे बघितलं. मी पाहिलं ते."

उमाबाईंनी तिळगुळाचा डबा पुढे ओढून झाकण लावलं.

"तुम्ही मान हलवलीत."

"अगं, इतक्या बायकांत उद्या कुणी तुला नावं ठेवली असती..."

"मला राग नाही आला, आई. वाईटही नाही वाटलं. काहीच नाही वाटलं. ते बोट थांबलं तेव्हा मी काय विचार करत होते माहितेय? की भांड्यात पाणी कमी झालंय, घालायला पाहिजे." ती टेबलावरचे तीळ बोटाने गोळा करत होती. "पूर्वी मी रडले असते. तुमच्याशी भांडले असते. आता आत काही हलतच नाही. मला त्याचीच भीती वाटते. मी पण तुमच्यासारखी होत चाललेय."

हे शेवटचं वाक्य तिने दुखवायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते उमाबाईंना इतकं लागलं.

"त्या चर्चमध्ये तुला काय मिळतं गं?" त्यांनी हळूच विचारलं. "आपला देव सोडायचा विचार आहे का तुझा?"

"नाही हो. ते जेवणाआधी प्रार्थना म्हणतात तेव्हा मी नुसती उभी असते. तिथे ताट देण्याआधी माझ्या कपाळाकडे कुणी बघत नाही, एवढंच." ती उठली. "तुम्हाला खोटं वाटत असेल तर बुधवारी चला."

*

बुधवारी उमाबाई गेल्या. सुनेवर लक्ष ठेवायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

हॉल तोच होता, माणसं वेगळी. गाड्यांचे भाग करणारा कारखाना आदल्या वर्षी बंद पडला होता. तिथून कामावरून काढलेले दोघंतिघं एका टेबलाशी होते. एक तरुण आई लहान बाळाला घेऊन आली होती. दोन विद्यार्थी, आणि स्वतःशीच बोलणारा एक म्हातारा. चर्चच्या पाद्री एक बाई होत्या, हे बघून उमाबाईंना नवल वाटलं. त्यांनी चार ओळींची प्रार्थना म्हटली आणि मग स्वतःच सगळ्यांच्या ताटलीत पाव वाढत फिरल्या.

स्वयंपाकघराकडे तोंड करून कुणीतरी ओरडलं, "अपूर्वा, तुझ्या सूपला मीठ नाही!"

"मग घाला की, हात नाहीत का तुम्हाला?" अपूर्वा आतून ओरडली.

उमाबाई दचकल्या. हा आवाज त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

त्या तरुण आईचं बाळ रडत होतं. उमाबाईंनी न राहवून त्याच्यासमोर पाच बोटं नाचवली, एकेकाला मिटवून लपवलं, पुन्हा काढलं. बाळ रडायचं थांबून बघायला लागलं. आईने ते सरळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी जेवायला लागली. कोण, कुठली, काही विचारलं नाही.

डोरोथी शेजारी येऊन बसली. उमाबाईंचं इंग्रजी जपून चालणारं, पण डोरोथी सावकाश बोलत होती.

"त्या दिवशी माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. माझं चुकलं," उमाबाई म्हणाल्या.

डोरोथीने थोडा वेळ बाळाचं पाऊल हातात धरलं. "रॉय असताना आम्ही चार जोडपी होतो," ती म्हणाली. "दर शुक्रवारी एकेकाच्या घरी जेवण, मग पत्ते. याच चर्चची माणसं. रॉय गेल्यावर ते मला भेटायला यायचे, फुलं आणायचे. पण शुक्रवारी बोलवेनात. एकटी बाई आली की टेबलाची जोडी बिघडते म्हणे. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, मलाच अवघड होईल."

"मग?"

"मग दोन वर्षं मी शुक्रवारी खिडकीत बसून त्यांच्या गाड्या जाताना बघितल्या. आणि एक दिवस पाद्र्यांकडून हॉलची किल्ली मागितली. म्हटलं, मला कुणी बोलवत नाही ना, मग मीच बोलवते. पहिल्या बुधवारी तिघं आले. एक तर चुकून, टॉयलेट शोधत." ती हसली.

उमाबाई हसल्या नाहीत. त्या मांडीवरच्या बाळाकडे बघत राहिल्या. म्हणजे इथेही होतंच. कुंकू नव्हतं इतकंच. इकडेही बायका खिडकीत बसवल्या जात होत्या, तेही प्रेमाने, तेही त्यांच्याच भल्यासाठी. फरक एवढाच होता की ही बाई उठली होती. आपण उठलो नाही. उलट दुसरी उठेल म्हणून तिचा पदर धरून बसलो.

*

त्याच संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेतला. रथसप्तमी शुक्रवारी होती. संक्रांतीची हळदीकुंकवं तोवर चालतात.

"माधवी, शुक्रवारी सहा वाजता आमच्याकडे हळदीकुंकू आहे."

"तुमच्याकडे? म्हणजे... कोण करतंय काकू?"

"मी. आणि अपूर्वा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "काकू, माझ्या सासूबाई आल्यात इंडियातून. त्यांना कसं सांगू?"

"त्यांनाही आण. मी बोलावलंय म्हणून सांग. आलीच पाहिजेस. नाही आलीस तर तुझ्या पोराला गोष्ट नाही."

त्यांनी एकामागून एक सगळ्या घरी फोन लावले. काहींना त्या शुक्रवारी नेमकी नाइट शिफ्ट निघाली. कुणी "बघते हं" म्हणालं. नीलिमाताई म्हणाल्या, "उमाताई, या वयात हे काय नवीन?"

"या वयातच सुचलं. आधी सुचायला हवं होतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलावलंय ना. ते येऊन म्हणतील."

अपूर्वा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिने विरोध केला नाही, आनंदही दाखवला नाही. शुक्रवारी ती ऑफिसमधून येताना वाणासाठी छोट्या मेणबत्त्या घेऊन आली आणि पिशवी टेबलावर ठेवून कपडे बदलायला गेली.

सहा वाजले. डोरोथी आधीच येऊन बसली होती. आणखी कुणी नव्हतं. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झालं होतं, म्हणजे न येणाऱ्यांना चांगलं कारण मिळालं होतं. उमाबाईंनी करंडा उघडला आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"नको, आई," अपूर्वा म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून करताय. मला खरंच काही वाटत नाहीये. लावलंत तरी तसंच, नाही लावलंत तरी तसंच."

उमाबाईंचा हात खाली आला. मग त्यांनी करंडा तिच्या हातात दिला.

"मग तू मला लाव."

"तुम्हाला?"

"देवेश चौथीत होता तेव्हापासून माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलेलं नाही. तुला वाटेल तेव्हा वाटेल. तोवर मला तरी लाव."

अपूर्वाने सासूच्या कपाळाकडे पाहिलं. सुरकुत्यांचं, गोरंपान, ओकंबोकं. तिने बोट कुंकवात बुडवलं. ते कपाळाला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. कुंकू वाकडं लागलं, भुवईपर्यंत ओघळलं. उमाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना ते बोट गार लागलं, आणि मग हळूहळू कोमट.

"सॉरी, वाकडं झालं," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"असू दे. राहू दे तसंच."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. केया धावत गेली आणि तिने दार सताड उघडलं. बाहेर माधवी होती, मागे तिची सासू, तिच्यामागे आणखी दोघी, आणि सगळ्यांच्या मागे, पायऱ्यांवर काठी टेकत, नीलिमाताई. उत्सुकतेने आल्या होत्या की रागावून, ते टोपी आणि मफलरातून कळत नव्हतं. सगळ्यांच्या खांद्यावर बर्फ.

करंडा अपूर्वाच्याच हातात होता. उमाबाईंनी तो परत मागितला नाही. त्या मागे सरून उभ्या राहिल्या, आणि या घरातली हळदीकुंकू लावणारी बाई कोण हे दारातल्या सगळ्यांना दिसलं.

माधवीने बूट काढले. ती आत आली, क्षणभर थांबली, मग तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि अपूर्वासमोर मान वाकवली. सासूने "अगं" म्हटलं. माधवीने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अपूर्वाने तिला हळद लावली, कुंकू लावलं. या वेळी सरळ लागलं.

मग तिने करंडा पुढे धरून दाराकडे पाहिलं.

बाकीच्या बायका अजून उंबरठ्यापाशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. नाड्या सुटायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ लागत होता. कुणी मान वर करत नव्हतं. दार उघडं होतं, थंडी घरात शिरत होती, आणि अपूर्वा बोटावर कुंकू घेऊन उभी होती.